नव्या पिकअपचें तेल केव्हां बदलावें?

पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी पिकअप दारांत येऊन उभी राहते. चाकांखालीं लिंबें ठेवलीं जातात, बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, घरांतील वडील बाई गाडीला ओवाळते आणि शेजारींपाजारीं पेढे वाटले जातात. हार सुकण्यापूर्वींच मात्र घरांत एक वाद उभा राहतो. पंचवीस वर्षें ट्रक हांकलेला काका बजावतो, "कारखान्याचें तेल आंत ठेवूं नकोस, पहिल्या हजार किलोमीटरलाच काढून टाक." विक्रेत्याच्या दुकानांतील तरुण हंसून सांगतो कीं, हल्लींच्या गाड्यांत तेलाची चिंता करण्याचें कारणच राहिलेलें नाहीं. नाक्यावरील मेस्त्री दर पांच हजारांचा नेम पाळावयास सांगतो. आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत ह्या तिघांशींहि न जुळणारा चौथाच आंकडा छापलेला असतो. ज्याच्या नांवावर गाडीचें कर्ज आहे आणि ज्याच्या घरची मीठभाकर पुढें कित्येक वर्षें ह्या गाडीवर चालावयाची आहे, तो मालक ह्या चार मतांमध्यें भांबावून जातो.

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु तेलाच्या हयगयीनें जाम झालेलें इंजिन उघडून पुन्हा बांधावयाचें म्हटलें म्हणजे कित्येक महिन्यांचे हप्ते एका खर्चांत जातात, आणि गाडी गॅरेजांत उभी असेपर्यंत मिळकतहि थांबते. उलटपक्षीं, भीतीपोटीं वारंवार तेल बदलणारा मनुष्य आपले पैसे गटारांत ओततो. आणि कित्येकदां तें तेलहि खरोखरच गटारांत जातें. म्हणून ह्या वादाचा नीट निवाडा व्हावयास पाहिजे. तो करण्यासाठीं तेल इंजिनांत काय काम करतें आणि तें कशानें थकतें, हें प्रथम पाहणें अवश्य आहे.

वंगण म्हणजे निसरडेपणा, एवढीच सामान्य समजूत असते. तें तेलाचें पहिलें काम आहे खरें. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे करीत असेल, तर एका तासांत त्याचे १,२०,००० फेरे होतात. ह्या सर्व वेळीं क्रँक आणि त्याचें बेअरिंग ह्यांच्यामध्यें माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ असा तेलाचा पडदा असतो. हा पडदा फाटला कीं धातु धातूला खाऊं लागतो. परंतु तेलाला ह्याखेरीज आणखीहि कामें आहेत. पिस्टनाजवळची उष्णता उचलून खालच्या चेंबरांत आणावयाची, पिस्टनाच्या रिंगा आणि सिलिंडर ह्यांमधील फट झांकावयाची, ज्वलनांतून येणारी काजळी आणि आम्लें आपल्या पोटांत घेऊन निरुपद्रवी करावयाचीं, आणि आंतील सर्व भाग धुवून काढावयाचे, हीं सारीं कामें तें एकटें करतें. म्हणूनच डीझेल इंजिनांत घातलेलें नवें तेल थोड्याच दिवसांत काळें दिसूं लागलें, तर त्याला खराब म्हणण्याची घाई करूं नये. काजळी भिंतींवर न चिकटवितां आपल्याजवळ धरून ठेवण्याचें काम तें चोख बजावीत आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

असें हें तेल कशानें थकतें? पहिलें कारण उष्णता. तापलेलें तेल हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतें, घट्ट होतें आणि त्यांत चिकट गाळ तयार होऊं लागतो. दुसरें कारण पाणी आणि इंधन. पुष्कळांना आश्चर्य वाटेल, परंतु एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे वाफेच्या रूपानें जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होतें. त्यांतील बहुतेक धुराच्या नळीवाटे बाहेर जातें. पण थोडी वाफ आणि थोडें न जळलेलें इंधन रिंगांच्या फटींतून निसटून खालीं तेलांत उतरतें. गाडी तासभर सलग चालली, तर तेल पुरेसें तापून तें पाणी पुन्हा उडून जातें. तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या, थंड होणाऱ्या आणि पुन्हा तीन किलोमीटर जाणाऱ्या गाडींत मात्र तें सांचत राहतें. तिसरें कारण धूळ. हवेबरोबर आंत शिरलेला मातीचा सूक्ष्म कण तेलांत मिसळला, कीं तेंच तेल वंगण न राहतां पॉलिश-कागदासारखें काम करूं लागतें. ह्या तिन्ही शत्रूंशीं झुंजण्यासाठीं तेलांत निरनिराळीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. आम्ल मारणारीं, काजळी धरणारीं, झीज रोखणारीं अशीं तीं द्रव्यें हळूहळू खर्चीं पडतात. तीं संपलीं, कीं चेंबर भरलेलें दिसलें तरी त्या तेलांत अर्थ राहिलेला नसतो.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे काकाच्या आग्रहाचें मूळ सांपडतें. १९२५ सालीं अमेरिकेंत हेन्री फोर्डच्या कंपनीनें आपल्या मॉडेल टी मोटारीच्या पाठीमागें माल ठेवण्याची पेटी बसवून ती २८१ डॉलरला विकावयास काढली. कारखान्यांतूनच तयार होऊन आलेल्या पिकअपचा हा आरंभींचा प्रसिद्ध नमुना होय. तिच्या मागून आलेल्या मॉडेल ए मोटारीच्या पुस्तिकेंत दर ५०० मैलांना, म्हणजे सुमारें ८०० किलोमीटरना, तेल काढून टाकण्याची सूचना होती. ती सूचना अतिसावधपणाची नव्हती. त्या इंजिनाला तेल गाळणारा फिल्टरच नव्हता. त्या काळच्या तेलांत काजळी धरून ठेवणारीं द्रव्यें नव्हतीं. कार्ब्युरेटरमधून जरुरीपेक्षां अधिक पेट्रोल आंत जाई. आणि रस्ते धुळीचे होते. तेल लवकर बदलणें हाच त्या इंजिनाचा फिल्टर होता, असें म्हटलें तरी चालेल. पुढें फिल्टर आले, तेलें सुधारलीं, आणि अमेरिकेंत ५०० मैलांच्या जागीं ३,००० मैलांचा मंत्र रूढ झाला. तोहि आपला काळ उलटून गेल्यावर इतका टिकून राहिला, कीं शेवटीं कॅलिफोर्नियाच्या राज्य सरकारला, जुना आंकडा घोकूं नका, आपल्या गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडा पाहा, अशी मोहीम काढावी लागली. नियम टिकतो आणि ज्या कारणासाठीं तो केलेला असतो तें निघून जातें, ही गोष्ट केवळ मोटारींच्याच बाबतींत घडते असें नाहीं.

मग आजचा आंकडा कोणता? फोर्डची एफ-मालिका १९४८ सालीं सुरू झाली आणि १९७७ पासून ती अमेरिकेंतील सर्वाधिक खपाची पिकअप ठरत आली. तिच्यांतील आजच्या एफ-१५० गाडीसाठीं कंपनीनें दिलेलें कोष्टक ह्या दृष्टीनें फार बोलकें आहे. सामान्य काम, म्हणजे हलका भार आणि मोठ्या रस्त्यावरील सलग प्रवास, असेल तर ७,५०० ते १०,००० मैल. मध्यम ते जड ओझें, मागें जोडलेली गाडी, डोंगराळ वाट, एका जागीं उभें राहून बराच वेळ चालणारें इंजिन असेल तर ५,००० ते ७,४९९ मैल. आणि पूर्ण क्षमतेचा भार किंवा पराकाष्ठेची उष्णता असेल तर ३,००० ते ४,९९९ मैल. शिवाय मैल कितीहि झाले असोत, वर्षांतून एकदां तेल बदललेंच पाहिजे. अमेरिकेंत टोयोटा कंपनी आपल्या पातळ कृत्रिम तेलाला सामान्यतः १०,००० मैल किंवा एक वर्ष देते. परंतु कच्चा रस्ता, जड ओढ किंवा थंडींतील तुटक फेऱ्या असतील, तर ५,००० मैलांवर तेल बदलावयास सांगते.

गाडी तीच, इंजिन तेंच, तेल तेंच. आणि तरीहि उत्तर १६,००० किलोमीटरपासून ४,८०० किलोमीटरपर्यंत खालीं येतें. ह्या वादाची किल्ली नेमकी येथें आहे. तेलाचें आयुष्य गाडी किती चालली ह्यावर ठरत नाहीं; तिनें कशा प्रकारचें काम केलें ह्यावर तें ठरतें. किलोमीटर हें त्या कामाचें केवळ एक ढोबळ माप आहे. पुस्तिकेंत आंकडे बहुधा दोन असतात: एक सामान्य वापराचा आणि दुसरा कठीण वापराचा. मालक पहिला आंकडा वाचतो आणि पुस्तिका मिटून ठेवतो. दुसरा आंकडा लहान अक्षरांत, बहुधा पुढल्या पानावर असतो. आणि पिकअप घेणाऱ्या पुष्कळशा लोकांना लागू पडणारा आंकडा तोच असतो. कारण माणसें वाहून नेण्यासाठीं मोटार घेतात, पण पिकअप ही ओझें वाहण्यासाठींच घेतलेली असते.

महाराष्ट्रांतील दोन पिकअप डोळ्यांपुढें आणल्या म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. समजा, एक गाडी नारायणगांवच्या बाजारांतून टोमॅटोचीं क्रेटें भरून रात्रीं मुंबईकडे जाते. दुसरी पुण्याच्या पेठांतून पाण्याचे जार किंवा बेकरीचा माल घेऊन दिवसभर दुकानोदुकानीं फिरते. दोघींच्याहि मीटरवर १०,००० किलोमीटर झाले. पहिलीचा सरासरी वेग ताशीं ५० किलोमीटर धरला, तर तिचें इंजिन २०० तास चाललें. दुसरी गर्दींत अडकते, सिग्नलला थांबते, दुकानापुढें इंजिन चालू ठेवून उभी राहते. तिचा सरासरी वेग ताशीं साडेबारा किलोमीटर धरला, तर तिचें इंजिन ८०० तास चाललें. मीटर सारखें, पण तेलाची मेहनत वेळेच्या मापानें चौपट. शिवाय तिचें तेल वरचेवर थंड होत असल्यानें त्यांतील पाणी आणि इंधन उडून जावयास सवडच मिळत नाहीं. पहिल्या गाडीलाहि सामान्य वापराची म्हणतां येणार नाहीं. कारण तिच्यावर भार आहे, वाटेंत चढ आहे, आणि बाजाराच्या फाटकाशीं रांगेंत ती इंजिन चालू ठेवून उभी राहते. फोर्ड कंपनी आपल्या डीझेल ट्रकांसाठीं जो हिशेब देते, त्यांत एका जागीं उभें राहून तासभर चाललेलें इंजिन म्हणजे सुमारें २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर, चाललेली गाडी असें धरलेलें आहे. रोज दोन तास असें इंजिन चालू राहिलें, तर महिन्याच्या २५ दिवसांत मीटरवर न दिसणारे २,००० किलोमीटर तेलाच्या खातीं जमा होतात.

तिसरी गाडी खेड्यांतील. उन्हाळ्यांत ती शेताच्या कच्च्या वाटेनें कांदा बाहेर काढते आणि पुढें मोठा ट्रक किंवा ट्रॅक्टर असला म्हणजे त्याच्या धुळींतूनच चालते. तिच्या बाबतींत तेलापेक्षांहि एअर फिल्टरकडे आधीं पाहिलें पाहिजे. एअर फिल्टर कोंदला, फाटला किंवा नीट न बसवितां तसाच राहिला, तर धूळ सरळ सिलिंडरांत जाते. आणि मग तेल महिन्याला बदललें तरी झीज थांबत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, नव्या गाड्यांत तेलाचें उरलेलें आयुष्य दाखविणारें यंत्रच बसविलेलें असतें, मग एवढा हिशेब कशाला? यंत्र उपयोगी आहे, ह्यांत शंका नाहीं. जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेंतील शर्ली श्वार्ट्झ आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की ह्यांनीं १९८७ सालीं ह्या विषयावर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्या कामांतून कंपनीच्या गाड्यांत ही सोय आली. परंतु तें यंत्र तेलांत बोट बुडवून त्याची परीक्षा करीत नाहीं. इंजिनाचे फेरे किती झाले आणि तें किती तापलें, ह्यांवरून तें हिशेब मांडतें. हा हिशेब नुसत्या किलोमीटरपेक्षां पुष्कळ चांगला. पण त्याला धूळ दिसत नाहीं, चेंबरांत तेल किती आहे हें समजत नाहीं, आणि डब्यांतील तेल अस्सल होतें कीं बनावट हेंहि कळत नाहीं. शिवाय तेल बदलल्यावर तो हिशेब पुन्हा आरंभापासून लावून घ्यावा लागतो. तें विसरलें, तर यंत्र जुन्या तेलाचें उरलेलें आयुष्य नव्या तेलाच्या नांवावर मांडीत राहतें.

आतां काकाच्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे पहिल्या तेलाकडे वळावयास हरकत नाहीं. नव्या इंजिनांत रिंगा आणि सिलिंडर एकमेकांशीं बसतांना पहिल्या कांहीं शें किलोमीटरमध्यें धातूचा कीस अधिक निघतो, हें काकाचें म्हणणें खरें आहे. पूर्वीं हा कीस पुष्कळ असे, आणि तो पकडावयास चांगला फिल्टर नसे. आजच्या यंत्रशाळांत हे भाग फार बारकाईनें घडविले जातात आणि फिल्टर बहुतेक कीस अडवितो. म्हणून अमेरिकेंतील फोर्ड आणि जनरल मोटर्स आपल्या पिकअपसाठीं पहिलें तेल मुद्दाम लवकर काढावयास सांगत नाहींत. त्यांचा आग्रह वेगळ्या गोष्टीवर आहे. पहिल्या ५०० मैलांपर्यंत मागें दुसरी गाडी जोडून ओढूं नये, असें जनरल मोटर्स सांगते. फोर्ड हीच मर्यादा १,००० मैल ठेवते. म्हणजे नव्या इंजिनाला पहिल्या दिवसांत जपावयाचें तें तेलाच्या डब्यानें नव्हे, तर पायानें आणि ओझ्यानें. महाराष्ट्रांत मात्र कित्येकदां पूजा होते आणि त्याच रात्रीं क्षमतेबाहेर माल भरून गाडी घाटाला लागते. अशा मालकानें दुसऱ्या दिवशीं तेल बदललें, तरी झालेली हानि भरून येत नाहीं.

भारतांत कांहीं कंपन्या पहिल्या सर्व्हिसच्या वेळीं तेल बदलतात, कांहीं केवळ तपासतात. ज्या गाडीच्या पुस्तिकेंत बदलावयास सांगितलें असेल, तेथें तो बदल टाळूं नये. जेथें सांगितलेलें नसेल आणि तरीहि मालकाच्या मनाला चैन पडत नसेल, तेथें दीड-दोन हजार किलोमीटरवर एकदां योग्य जातीचें तेल आणि फिल्टर बदलल्यानें इंजिनाचें कांहीं बिघडत नाहीं. तो मनःशांतीसाठीं दिलेला पैसा समजावा. परंतु त्याच भीतीनें पुढें दर दोन हजारांना तेल बदलीत राहणें म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय.

योग्य जातीचें तेल, हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत. जाड तेल तें चांगलें, ही समजूत जुन्या चालकांत घट्ट बसलेली आहे. डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असें लिहिलेलें असतें, त्यांतील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आंकडा थंड असतांनाच्या आणि दुसरा तापल्यावरच्या घट्टपणाचा निदर्शक असतो. नव्या इंजिनांतील फटी आणि तेलाचे मार्ग विशिष्ट पातळपणा धरून आंखलेले असतात. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहूनहि अधिक फेरे घेऊं शकतो. सकाळीं गाडी सुरू होतांच त्याच्यापर्यंत तेल किती चटकन्‌ पोंचतें, ह्याला तेथें फार महत्त्व आहे. तेव्हां पुस्तिकेंतील जात सोडून जाड तेल घालणें ही काळजी नव्हे.

डीझेल पिकअपच्या मालकानें आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून भारतांत बीएस-६ नियम लागू झाले, आणि अनेक डीझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेंत काजळी पकडणारी गाळणी बसली. ह्या गाळणीला तेलांतील राख मानवत नाहीं. म्हणून अशा गाडीला कमी राखेचें, पुस्तिकेंत नांव दिलेलेंच तेल लागतें. सांचलेली काजळी जाळण्यासाठीं अशा कित्येक इंजिनांत वरचेवर जादा डीझेल सोडलें जातें आणि त्यांतील कांहीं भाग तेलांत उतरतो. शहरांतल्या तुटक फेऱ्यांत हें जाळण्याचें काम अर्धवट राहतें आणि पुन्हा पुन्हा सुरू होतें. त्यामुळें चेंबरांतील तेल कमी होण्याऐवजीं वाढलेलें दिसूं लागतें. तेल कमी झालें तर मालक घाबरतो. वाढलें तर मात्र त्याला बरें वाटतें. वस्तुतः पट्टीवरील वरच्या खुणेच्या पुढें गेलेलें तेल ही अधिक गंभीर सूचना आहे. तें तेल पातळ झालेलें असतें आणि आंकडा कांहींहि म्हणो, तें बदलावयासच पाहिजे.

तेल वेळेपूर्वीं बदलण्यांत तोटा केवळ पैशाचाच नाहीं. एका पिकअपमधून एका वेळीं इंजिनाच्या आकाराप्रमाणें ५ ते ८ लिटर काळें तेल निघतें. तें जातें कोठें? मेस्त्री तें पिंपांत सांठवितो. त्यांतील कांहीं बांधकामावर सेंटरिंगच्या पाट्यांना लागतें, कांहीं लांकडाला वाळवी लागूं नये म्हणून फासलें जातें, आणि राहिलेलें पुष्कळदां मातींत किंवा नाल्यांत झिरपतें. अमेरिकेच्या पर्यावरण-रक्षण खात्याच्या सांगण्याप्रमाणें एका गाडीच्या एका वेळच्या जुन्या तेलानें दहा लाख गॅलन गोडें पाणी दूषित होऊं शकतें. भारतांतहि २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखालीं हें तेल नोंदणी झालेल्या शुद्धीकरण करणाराकडेच जावयास पाहिजे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या कंपन्यांवरहि वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकलेली आहे. तेव्हां निघालेलें तेल कोठें जातें, एवढा प्रश्न मालकानें गॅरेजांत जरूर विचारावा. त्याच वेळीं रिकाम्या डब्याला तेथेंच भोंक पाडून घ्यावें. कारण अस्सल डब्यांत बनावट तेल भरून विकणारे लोक ह्या रिकाम्या डब्यांच्याच शोधांत असतात.

ह्या सर्व विवेचनाचा व्यवहारांतील निष्कर्ष थोडक्यांत सांगतां येतो. नव्या पिकअपच्या मालकानें पुस्तिकेंतील दोन्ही आंकडे वाचावे, आणि आपली गाडी महिन्यांतून किती दिवस ओझें वाहते, किती वेळ उभ्या जागीं चालते, किती धुळींतून जाते आणि किती फेऱ्या पांच किलोमीटरच्या आंतील आहेत, हें प्रामाणिकपणें स्वतःला विचारावें. ह्यांतील एकहि गोष्ट नित्याची असेल, तर कठीण वापराचा आंकडा आपला मानावा. पुस्तिकेंत तो दिलेलाच नसेल, तर अधिकृत सर्व्हिस केंद्रांतून तो लेखी विचारून घ्यावा. किलोमीटर आणि महिने ह्यांपैकीं जें आधीं भरेल त्या वेळीं तेल बदलावें आणि त्याबरोबर फिल्टरहि बदलावा. जुना फिल्टर ठेवून नवें तेल घालणें म्हणजे उष्ट्या भांड्यांत ताजें दूध ओतणें. तेल घेतल्याची आणि बदलल्याची पावती तारीख व किलोमीटरसह जपून ठेवावी. वॉरंटीच्या काळांत इंजिनाविषयीं तंटा निघाला, तर मालकाच्या बाजूनें बोलणारा साक्षीदार तोच एक कागद असतो.

आतां घरांतील वादाकडे पुन्हा पाहिलें, तर कोणीच पूर्णपणें चूक ठरत नाहीं. विक्रेत्याचा तरुण तेलाच्या सुधारलेल्या गुणाबद्दल खरें बोलतो, पण गाडी कोणत्या रस्त्यावर जाणार हें त्याला ठाऊक नसतें. मेस्त्रीचा पांच हजारांचा नेम शहरांत दिवसभर थांबत थांबत फिरणाऱ्या गाडीला कदाचित्‌ अगदीं चपखल बसेल. लांबच्या सलग प्रवासाच्या गाडीला तो घाईचा ठरेल. पुस्तिका सर्वांत अधिक जाणते, पण ती शेवटपर्यंत वाचणाराच विरळा. राहिला काका. त्याचा आंकडा जुना झाला, हें त्याला सांगावयास हरकत नाहीं. परंतु पंचवीस वर्षें दर सकाळीं, गाडी सपाट जागीं उभी असतांना, इंजिन सुरू करण्यापूर्वीं बॉनेट उघडून त्यानें पट्टी बाहेर ओढली, फडक्यानें पुसली, पुन्हा आंत घालून तेल पाहिलें, बोटांवर चोळून त्याचा वास घेतला. ही त्याची संवय मात्र कोणत्याहि नव्या यंत्रानें जुनी झालेली नाहीं. कमी होणारें तेल, वाढणारें तेल, डीझेलचा वास, बोटाला लागणारी कचकच, हें सारें त्या एका मिनिटांत कळतें. नव्या गाडीच्या मालकानें काकाचा आंकडा सोडून द्यावा आणि त्याचें तें मळकें फडकें मात्र मागून घ्यावें.